घुंगरू की मंगळसूत्र?

लग्नसराईत शिरूर किंवा दौंड तालुक्यातील कोणत्याही गावी जावे, वरातीपुढे लावणीचा ठेका वाजत असतोच. नवरदेवाच्या बहिणी, मावश्या आणि करवल्या त्यावर मोकळेपणाने नाचतात. एके काळी चारचौघांत घरच्या स्त्रीने नाचणे अशोभनीय मानले जाई. आज ती हौस झाली आहे. यात वाईट काही नाही. उलट स्त्रियांच्या पायांतील एक बेडी तुटली याचा आनंदच मानला पाहिजे. परंतु ज्या समाजाने हा नाच पिढ्यानपिढ्या जिवंत ठेवला, त्या कोल्हाटी समाजातील नाचणाऱ्या मुलीला परंपरेने लग्नच नाकारले आहे, ही गोष्ट या आनंदात विसरली जाते. तिचा नाच सर्वांच्या लग्नात आहे. तिचे स्वतःचे लग्न मात्र रूढीला मान्य नाही. पायांत घुंगरू बांधले की गळ्यात मंगळसूत्र नाही, आणि मंगळसूत्र आले की घुंगरू सुटले, असा हा अलिखित कायदा आहे. तो मोडू लागला आहे हे खरे. पण तो कोणी, कोणाच्या सोयीसाठी केला याचा विचार अद्याप झालेला नाही.

पुणे–सोलापूर रस्त्यावर दौंड तालुक्यात बोरीपार्धीच्या हद्दीत चौफुला हे ठिकाण आहे. उत्तरेकडून शिरूर-न्हावऱ्याचा रस्ता भीमा ओलांडून येथे येतो आणि दक्षिणेला सुपे-मोरगावकडे जातो. भोवती कालव्याच्या पाण्यावर पोसलेला ऊस, गुऱ्हाळे आणि साखर कारखाने. या बागायती पैशाच्या आणि महामार्गाच्या आधारानेच येथे संगीत बारीची कला केंद्रे उभी राहिली. महाराष्ट्रातील लावणीच्या शौकिनाला चौफुल्याचे नाव सांगावे लागत नाही. ढोलकीच्या फडाचा तमाशा गावोगाव फिरतो. वग, बतावणी, सोंगाड्या असा त्याचा संसार असतो. संगीत बारी मात्र एका जागी थांबते. पेटी, ढोलकी आणि चार-सहा नाचणाऱ्या-गाणाऱ्या स्त्रिया एवढी एक ‘पार्टी’. एका थिएटरात अशा अनेक पार्ट्या आळीपाळीने रंगमंचावर येतात, आणि त्याशिवाय खाजगी बैठका होतात. या पार्ट्यांतील पुष्कळ स्त्रिया कोल्हाटी किंवा डोंबारी समाजाच्या आहेत.

शिरूर तालुक्याचा या कलेशी संबंध निराळ्या वाटेने आला. कवठे येमाई हे गाव तमाशाच्या इतिहासात गंगारामबुवा कवठेकरांमुळे ओळखले जाते. त्याच गावचे बशीर मोमीन कवठेकर (१९४७–२०२१) यांनी अनेक फडांसाठी लावण्या, गवळणी आणि वग लिहिले. २०१८ चा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार राज्य शासनाने त्यांना दिला. एका मुसलमान शाहिराने कृष्णाची गवळण लिहावी, ती मांग, महार, कोल्हाटी कलावंतांनी गावी आणि मराठा-माळी प्रेक्षकाने तिला दाद द्यावी, हे या मुलखात कोणाला कधी नवल वाटले नाही. ज्यांना मराठी संस्कृती एका धर्माची वा एका जातीची वाटते, त्यांनी कवठ्याच्या यात्रेतील फडाकडे पाहावे. मात्र या सुंदर चित्राची दुसरी बाजू अशी की, रात्री एका मांडवाखाली बसलेले हे सारे लोक सकाळी आपापल्या वस्तीला जातात. आणि नाचणारीची वस्ती ही गावाच्या लेखी वस्ती नसून वाट चुकलेल्यांचा मुक्काम असतो.

कोल्हाटी ही मूळची भटकी जमात. दोरीवरच्या आणि बांबूवरच्या कसरती करीत गावोगाव फिरणे हा तिचा जुना धंदा. पद्मश्री यमुनाबाई वाईकर याच समाजाच्या. १९१५ साली वाईच्या परिसरात जन्मलेल्या या थोर गायिकेने बालपणी रस्त्यावर नाचून-गाऊन पैसे गोळा केले होते. कसरतीचे दिवस मागे पडले, तशी पोट भरण्याची जबाबदारी मुलींच्या नाचण्यावर येऊन पडली. समाजाने मग आपल्या मुलींची दोन गटांत वाटणी केली. जी लग्न करील ती घरात राहील आणि पुन्हा नाचणार नाही. जी नाचेल ती लग्न करणार नाही. वयात आली की ‘चिरा उतरवण्या’चा विधी होईल, त्यासाठी कोणी ऐपतदार पुरुष पैसे मोजील, आणि त्याची मर्जी असेपर्यंत ती त्याची राहील. होणारी मुले आईची. बापाचे नाव लागणार नाही, इस्टेटीत वाटा मिळणार नाही. या विधीत लग्नाची सारी नक्कल आहे. नाही ती फक्त पुरुषाची जबाबदारी.

डॉ. किशोर शांताबाई काळे यांनी १९९४ साली ‘कोल्हाट्याचं पोर’ लिहिले तेव्हा मराठी वाचकाला हे जग आतून दिसले. आईचे नाव मधे लावून डॉक्टर झालेल्या या तरुणाने जे सांगितले, त्यातील सर्वांत बोचरा भाग प्रेक्षकांविषयी नव्हताच. नाचणाऱ्या मुलीच्या कमाईवर बाप आणि भाऊ बसून खातात, भावाच्या लग्नाचा खर्च बहिणीच्या घुंगरांतून निघतो, आणि त्या पैशाने घरात आलेली भावजय मात्र ‘घरंदाज’ ठरते, हे त्यांनी आपल्याच माणसांविषयी लिहिले. त्यामुळे समाजात त्यांच्यावर रोषही झाला. जी जमात बाहेरच्यांच्या तिरस्काराखाली दबलेली असते, तिला आतल्या टीकेची दुहेरी भीती वाटते. शत्रूच्या हाती कोलीत मिळेल असे तिला वाटते. ही भीती समजून घेतली पाहिजे, पण तिच्यापुढे मान तुकवता कामा नये. कोल्हाटी अस्मितेचे रक्षण म्हणजे कोल्हाटी पुरुषाच्या ऐतखाऊपणाचे रक्षण नव्हे.

येथे एक मोठा प्रश्न उभा राहतो. लग्नातील, सणातील, रंगमंचावरील नाच हा एखाद्या लहान समाजाच्या ओळखीचा गाभा असतो असे मानले जाते. तो गेला तर समाजच विरून जाईल असेही सांगितले जाते. मग नाचणे थांबवा म्हणणारा सुधारक त्या समाजाची ओळख पुसतो काय? आणि नाच चालू राहू द्या म्हणणारा रसिक त्या समाजाच्या मुलींचा बळी देतो काय? हा पेच आजचा नाही. त्याला निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळी उत्तरे दिली गेली आहेत, आणि त्यांतून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

पहिले उत्तर सुटकेचे. चौफुल्यापासून अवघ्या काही किलोमीटरांवर केडगाव आहे. १८९० च्या दशकात पंडिता रमाबाईंनी तेथे मुक्तिसदन वसवले. दुष्काळात टाकलेल्या, विधवा झालेल्या, फसवल्या गेलेल्या शेकडो स्त्रियांना त्यांनी छपाई, विणकाम, शेती, तेलघाणी अशी कामे शिकवून पायांवर उभे केले. डॉ. आंबेडकरांनी जून १९३६ मध्ये मुंबईत देवदासी, मुरळ्या, वाघ्ये आणि पोतराज यांच्या सभेत हाच मार्ग अधिक कठोर शब्दांत सांगितला: मानाने जगायचे असेल तर हा धंदा सोडा, मग त्यासाठी गरिबी पत्करावी लागली तरी चालेल. ज्याने अस्पृश्यतेचे चटके सोसले त्यालाच हे सांगण्याचा अधिकार होता. लावणीच्या आठवणींनी हळवे होणाऱ्या रसिकांनी या वचनाकडे पाठ फिरवू नये.

दुसरे उत्तर गोव्यातील कलावंत समाजाने दिले. तेथे देवळाच्या सेवेला वाहिलेल्या मुलींचा ‘शेंस’ विधी होई. तोही लग्नाची नक्कलच. ‘मी कोण?’ हे आत्मचरित्र लिहिणारे राजाराम पैंगीणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी समाजातच संघटना बांधली, विधी बंद पाडला, मुलींची लग्ने लावली, मुलांना शाळेत घातले आणि ‘गोमंतक मराठा समाज’ हे नवे नाव धारण केले. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर याच समाजातून पुढे आले. विशेष म्हणजे गाणे सुटले नाही. या समाजाने हिंदुस्थानी संगीताला दिलेले कलावंत जगाला ठाऊक आहेत. जन्माने लादलेली सक्ती गेली आणि कला उरली, याचे हे ढळढळीत उदाहरण आहे. ओळख म्हणजे जुनी रूढी जशीच्या तशी जपणे नव्हे, हे गोव्याने दाखवून दिले.

तिसरे उत्तर मद्रासचे, आणि ते सावध करणारे आहे. तेथे देवदासींचा नाच बदनाम ठरला, १९४७ साली कायद्याने देवदासी प्रथा बंद झाली. ते योग्यच झाले. परंतु त्याच काळात तो नाच भरतनाट्यम् या नावाने उच्चवर्णीयांच्या अंगणात आला. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचे ‘कलाक्षेत्र’ १९३६ मध्येच स्थापन झाले होते. नाच पवित्र झाला आणि ज्या स्त्रियांनी तो सांभाळला होता, त्यांतील बहुतेक विस्मृतीत गेल्या. बालसरस्वतींसारखी एखादीच टिकली. महाराष्ट्रात आज लावणीचे नेमके हेच होऊ घातले आहे. दूरचित्रवाणीच्या स्पर्धांत सुशिक्षित घरांतील मुली लावणी जिंकतात, शहरांत वर्ग निघतात, शासनाच्या महोत्सवांत ती ‘महाराष्ट्राची शान’ म्हणून मिरवते. चौफुल्याची बाई मात्र बदनाम ती बदनामच. कलेची प्रतिष्ठा वाढली आणि कलावतीची वाढली नाही, तर त्या वाढीला प्रगती म्हणता येत नाही. मालकी बदलली, एवढाच तिचा अर्थ.

चौथे उत्तर बंदीचे. ते राज्यकर्त्यांना सर्वांत सोपे वाटते. स्वातंत्र्य मिळताच मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली होती. ती पुढे उठली, पण ‘सुधारणे’च्या अटी लागल्या. २००५ साली डान्स बार बंद करण्यात आले. त्या वेळी तारांकित हॉटेलांना कायद्यातून वगळण्यात आले होते. म्हणजे तोच नाच श्रीमंताच्या गालिच्यावर संस्कृती आणि गरिबाच्या फरशीवर अनीती! या भेदभावावर बोट ठेवूनच उच्च न्यायालयाने २००६ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ती बंदी रद्द ठरवली. मधल्या वर्षांत हजारो स्त्रियांचा रोजगार गेला. त्यांत परंपरेने नाचणाऱ्या जमातींतील स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. त्या कोठे गेल्या, याची विचारपूस बंदी घालणाऱ्यांनी केली नाही. कला केंद्रांत एखादा गुन्हा घडला की पुन्हा तोच सूर लागतो. जुलै २०२५ मध्ये दौंड तालुक्यातील एका कला केंद्रात गोळीबार झाल्याची बातमी आली. गोळी झाडणारा हा नेहमी प्रेक्षकच असतो, पण संशयाने पाहिले जाते ते नाचणाऱ्या बाईकडे. १९७२ च्या ‘पिंजरा’ने गावागावांत जी शिकवण दिली, ती हीच होती: सज्जन मास्तर बिघडतो तो तमाशातल्या बाईमुळे. बाईला कोणी बिघडवले, हा प्रश्न पडद्यावर आला नाही.

विठाबाई नारायणगावकरांचे चरित्र सर्वांना ठाऊक आहे. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेली ही असामान्य कलावती. प्रयोग चालू असताना पडद्यामागे बाळंत होऊन पुन्हा बोर्डावर उभी राहिली, ही कथा आजही अभिमानाने सांगितली जाते. खरे तर ती शरमेने सांगितली पाहिजे. गिरणीतल्या कामगार बाईला बाळंतपणाची रजा कायद्याने मिळत होती त्या काळात महाराष्ट्राच्या लाडक्या कलावतीला अर्ध्या तासाची उसंत मिळाली नाही, आणि २००२ साली ती गेली ती आर्थिक विपन्नतेत. तिच्या नावाने शासन आज पुरस्कार देते. प्रा. शैलजा पाईक यांनी २०२२ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात तमाशातील दलित स्त्रियांचा इतिहास मांडताना हेच दाखवले आहे, की ‘अश्लील’ हा शिक्का नाचावर कमी आणि नाचणारीच्या जातीवर अधिक बसतो. जात तीच राहिली तर पुरस्काराने शिक्का पुसला जात नाही.

पुरोगामी चळवळीनेही या बाबतीत आपला हिशेब तपासून घ्यावा. अण्णाभाऊ साठ्यांनी तमाशाचे लोकनाट्य केले. सेवादलाच्या कलापथकांनी वगातून राज्यकर्त्यांची टर उडवली. निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके यांच्यासारखे नट त्यांतून घडले. संयुक्त महाराष्ट्राचा लढा शाहिरांच्या डफावर उभा राहिला. चळवळीने तमाशाचा बाज घेतला, भाषा घेतली, सोंगाड्या घेतला. परंतु बारीतल्या बाईच्या मजुरीचा, निवृत्तिवेतनाचा, मुलांच्या दाखल्याचा प्रश्न तिने आपल्या मागण्यांच्या यादीत सहसा घेतला नाही. कारण ती ‘कामगार’ आहे हेच कोणाच्या ध्यानी आले नाही.

आणि तीच तर मुख्य गोष्ट आहे. नाचणारी स्त्री कामगार आहे. रात्री उशिरापर्यंत पाचशे घुंगरांचे ओझे पायांत घेऊन ती श्रम करते. तिच्या कमाईत थिएटरमालकाचा वाटा आहे, पार्टीच्या मालकिणीचा वाटा आहे, वादकांचा आहे, भावांचा आहे. तिच्या हाती काय उरते ते कोणत्याही वहीत लिहिलेले नसते. २०२० आणि २०२१ साली महामारीत यात्रा बंद पडल्या, थिएटरांना कुलुपे लागली, तेव्हा नारायणगावच्या राहुट्यांपासून चौफुल्याच्या खोल्यांपर्यंत चुली विझल्या. कारण या श्रमांना ना भविष्यनिर्वाह निधी, ना विमा. १९६९ साली याच महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. हमालाला एक मालक नसतो, म्हणून त्याला हक्क नाहीत, हा युक्तिवाद त्या कायद्याने मोडून काढला. मंडळ नेमले, लेव्ही बसवली, निधी उभारला. बारीतल्या बाईलाही एक मालक नसतो. तिकिटाच्या प्रत्येक रुपयातून काही पैसे घेऊन तमाशा आणि संगीत बारीच्या कलावंतांसाठी असेच मंडळ उभारण्यात अशक्य ते काय आहे?

दुसरा प्रश्न कागदाचा. कोल्हाटी भटक्या जमातींच्या ‘ब’ प्रवर्गात येतात; त्या प्रवर्गाला राज्यात अडीच टक्के आरक्षण आहे. ते मिळवायचे तर जातीचा दाखला हवा, आणि दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा हवा. जी जमात नावातच भटकी आहे तिच्याकडे वास्तव्याचा पुरावा मागणे, ही सरकारी विनोदबुद्धीची कमाल म्हटली पाहिजे. त्यातून कागद मागितले जातात ते बहुधा बापाच्या बाजूचे. आणि येथे तर बापाने नाव देण्याचेच नाकारलेले असते. १ मे २०२४ पासून राज्य शासनाने मुलाच्या नावात आईचे नाव लावणे बंधनकारक केले, तेव्हा त्याचे सर्वत्र कौतुक झाले. कोल्हाट्याची पोरे पिढ्यानपिढ्या आईचेच नाव लावीत आली आहेत आणि त्याबद्दल शाळेत कुचेष्टा सोशीत आली आहेत. शासनाला आईच्या नावाचा एवढा आदर असेल, तर केवळ आईच्या कागदांवर जातीचा दाखला देण्याची सोपी पद्धत त्याने विनाविलंब अंमलात आणावी. रेणके आयोगाने २००८ मध्ये आणि त्यानंतर इदाते आयोगाने भटक्या-विमुक्तांची दैना सविस्तर मांडली. आता २०२७ च्या जनगणनेत जातनिहाय नोंद होणार असल्याचे केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केले आहे. मोजणी करणारा माणूस कला केंद्राच्या मागच्या खोल्यांपर्यंत पोहोचतो की नाही, याकडे लक्ष ठेवावे लागेल.

तिसरा प्रश्न मुलींचा, आणि तो सर्वांत निकडीचा आहे. नाचण्याचा निर्णय हा सज्ञान स्त्रीचा निर्णय असला पाहिजे. बारा-चौदा वर्षांच्या मुलीच्या पायांत घुंगरू बांधून तिची शाळा सोडवणे ही परंपरा नव्हे, गुन्हा आहे. आणि चिरा उतरवण्याचा विधी आजच्या कायद्याने बालिकेवरील अत्याचारच ठरतो. पण पोलिसांच्या छाप्याने मुलगी शाळेत जात नाही. त्यासाठी केंद्रांच्या जवळपास वसतिगृह हवे, आणि आईला दुसऱ्या गावी पार्टी न्यावी लागली तरी मुलीचा वर्ग बदलणार नाही अशी व्यवस्था हवी. जी जात पंचायत शिकलेल्या मुलीला किंवा लग्न करून नाचत राहू इच्छिणाऱ्या स्त्रीला वाळीत टाकील, तिच्यावर २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा लावलाच पाहिजे.

कोणी म्हणेल, सक्ती गेली तर उद्या नाचायला कोणी उरणार नाही, लावणी मरेल. गोव्याचा अनुभव याच्या उलट आहे. आणि समजा कोणी नाचले नाही, तर जी कला मुलींच्या लाचारीवरच जगू शकते तिच्यासाठी अश्रू कशाला ढाळायचे? परंतु तसे होणार नाही. ज्या स्त्रीला ‘अदा’ ठाऊक आहे, बैठकीची लावणी ठाऊक आहे, तिच्या अंगी एक विद्या आहे. विद्यापीठांनी आणि शासनाच्या संस्थांनी तिला पुरस्काराच्या शालीऐवजी शिक्षिकेचा पगार द्यावा. लग्न करावे की नाही, नाचावे की नाही, दोन्ही करावे की काहीच करू नये, हे मग ती ठरवील. वरातीत नाचणाऱ्या करवलीला जे स्वातंत्र्य आहे, तेवढेच तिने मागितले आहे.

दौंड आणि शिरूरच्या कार्यकर्त्यांपुढे काम स्पष्ट आहे. त्याची सुरुवात भाषणाने करू नये. चौफुल्यात दाखल्यांचे शिबिर भरवावे, तहसीलदारांना तेथे बोलवावे, आईच्या नावाने अर्ज भरून घ्यावेत आणि किती अर्ज का फेटाळले गेले याची यादी ठेवावी. तिकिटावरील लेव्हीची मागणी घेऊन कलावतींची पहिली सभा घ्यावी, आणि त्या सभेचे अध्यक्षपद पुढाऱ्याकडे न देता एखाद्या ज्येष्ठ बारी-कलावतीला द्यावे.